रक्तातील खुणा आणि रुग्णाचे भवितव्य

दीर्घकालीन रक्तकर्काचे, म्हणजे क्रॉनिक ल्युकेमियाचे, निदान झाले की रुग्णाच्या घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘आता किती वर्षे?’ हा. या प्रश्नाचे उत्तर अनुभवाच्या अंदाजाने न देता मोजमापाने देण्याची बरीच सामग्री वैद्यकशास्त्राने गेल्या सहा दशकांत जमवली आहे. पेशींच्या पृष्ठभागावरील वा अंतर्भागातील विशिष्ट प्रथिने, तुटलेली किंवा भलत्या ठिकाणी जुळलेली गुणसूत्रे, जनुकांतील सूक्ष्म बदल अशा खुणांवरून रोग मंदगतीने जाईल की झपाट्याने, हे पुष्कळ अंशी सांगता येऊ लागले आहे. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळा या तपासण्यांच्या लांबलचक याद्या छापतात, आणि त्यांची बिले पगारदार कुटुंबाच्या महिन्याच्या जमाखर्चाला हादरा देतात.

या सर्व प्रगतीचे स्वागतच केले पाहिजे. तथापि, या खुणांचा अर्थ लावताना एक साधी गोष्ट नजरेआड होते. अशी खूण केवळ रोगाविषयी बोलत नाही. रोग आणि त्यावर रुग्णाला प्रत्यक्षात मिळू शकणारा उपचार, या दोहोंच्या जोडीविषयी ती बोलते. उपचार बदलला की खूण तीच राहून तिचा अर्थ बदलतो. आणि उपचार हाताबाहेरचा असला की अत्यंत अचूक खूणही नुसती वाईट बातमी ठरते. म्हणूनच हा विषय जितका वैद्यकाचा आहे तितकाच तो अर्थकारणाचा आणि सार्वजनिक धोरणाचाही आहे.

एका गुणसूत्राची कथा

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोन संशोधकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र आढळले. शहराच्या नावावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव मिळाले. ते आखूड का, याचा उलगडा १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी केला. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होऊन जोडले गेले होते. पुढे असे दिसून आले की, या सांध्यावर दोन जनुके एकत्र येतात आणि त्यांच्यापासून एक विकृत प्रथिन तयार होते. पेशीला वाढीचा आदेश देणारे हे प्रथिन कधी थांबतच नाही.

या ज्ञानाचा रुग्णाला बराच काळ निदानापलीकडे फारसा उपयोग नव्हता. उपलब्ध औषधे पांढऱ्या पेशींची संख्या खाली आणीत. पण काही वर्षांत रोग उग्र रूप धारण करी आणि मग उपाय चालत नसे. जुळणारा भाऊ वा बहीण असलेल्या मोजक्यांना अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाचा, तोही जोखमीचा, मार्ग खुला असे. फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडणे म्हणजे मुदत ठरल्यासारखेच होते.

२००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. ही गोळी त्या विकृत प्रथिनावरच नेमकी बसते आणि त्याचे कार्य बंद पाडते. ज्या मोठ्या चाचणीत ती प्रथम पारखली गेली, तिच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही गोळी प्रथमपासून घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. फ्रान्समधील एका अभ्यासात तर रोगाचा मागमूसही दोन वर्षे न उरलेल्या रुग्णांचे औषध थांबवण्यात आले, तेव्हा त्यांतील दहापैकी सुमारे चौघांत रोग परतला नाही. गुणसूत्र १९६० चेच आहे. पूर्वी जी मृत्यूची खूण होती, तीच आज उपचाराचा पत्ता सांगणारी खूण ठरली आहे.

गाडी आणि तिचा वेग

दुसऱ्या प्रकारची, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाची, कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पाश्चात्त्य देशांत हा प्रौढांचा नेहमी आढळणारा रक्तकर्क असून तो बहुधा उतारवयात होतो. भारतात त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे, मात्र येथील रुग्ण तुलनेने कमी वयाचे असतात. कित्येकदा वेगळ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि रोग उघडकीस येतो.

या रोगाच्या अवस्थांची पहिली व्यवस्थित मांडणी १९७५ साली केली ती जोधपूर येथे जन्मलेल्या आणि न्यू यॉर्कमध्ये काम केलेल्या डॉ. कांती राय यांनी. केवळ पेशी वाढलेल्या असणे ही शून्य अवस्था. त्यानंतर गाठी, मग यकृत वा प्लीहेची वाढ, पुढे रक्तक्षय आणि अखेर प्लेटलेट कणिकांची घट, अशा एकूण पाच पायऱ्या त्यांनी ठरवल्या. शून्य अवस्थेतील रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यक १५० महिन्यांहून अधिक, तर शेवटच्या दोन अवस्थांतील रुग्णांचा अवघा १९ महिने, असे त्यांना आढळले. १९८१ मध्ये फ्रान्सचे झाक-लुई बिने यांनी अशीच, पण तीन टप्प्यांची पद्धत दिली. डॉक्टरांचे हात आणि साधी रक्ततपासणी एवढ्या भांडवलावर या पद्धती चालतात. तालुक्याच्या गावीही त्या वापरता येतात आणि आजही वापरल्या जातात. स्वस्त साधनाचे शास्त्रीय मोल किती मोठे असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु या पद्धतींना एक मर्यादा होती. गाडी कोणत्या स्थानकावर उभी आहे हे त्यांनी कळे. ती जलद आहे की पॅसेंजर, हे कळत नसे. शून्य अवस्थेतीलच एखादा रुग्ण औषधाशिवाय वीस वर्षे काढी, तर दुसरा दोन वर्षांत खालावे. या कोड्याचे उत्तर १९९९ साली मिळाले. न्यू यॉर्क आणि इंग्लंडमधील बोर्नमथ येथील दोन गटांनी एकाच वेळी असे दाखवून दिले की, प्रतिपिंड घडवणाऱ्या एका जनुकात नैसर्गिक उत्परिवर्तने झालेली असतील तर रोग सौम्य असतो, आणि ते जनुक मूळ स्थितीत राहिले असेल तर रोग आक्रमक असतो. टेरी हॅम्ब्लिन यांच्या बोर्नमथ येथील अभ्यासात प्राथमिक टप्प्यातील रुग्णांपैकी पहिल्या गटाचा आयुर्मान-मध्यक २९३ महिने, तर दुसऱ्याचा ९५ महिने भरला. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या रुग्णांत एवढे अंतर होते.

लगेच पुढच्या वर्षी, २००० साली, जर्मनीतील हार्टमुट ड्योनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२५ रुग्णांच्या गुणसूत्रांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८२ टक्के रुग्णांत काही ना काही दोष आढळला. तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असणे सर्वांत सामान्य आणि सर्वांत सौम्य. एवढाच दोष असलेल्यांचा मध्यक १३३ महिने होता. अकराव्याचा तुकडा गळालेल्यांचा ७९ महिने. सतराव्या गुणसूत्राचा आखूड बाहू गमावलेल्यांचा मात्र केवळ ३२ महिने. या शेवटच्या दोषाचे कारण समजण्याजोगे आहे. त्या बाहूवर पी-५३ या प्रथिनाचे जनुक असते. पेशीच्या जनुकद्रव्याला इजा झाली की तिला थोपवणे किंवा आत्मनाशाकडे नेणे, हे या प्रथिनाचे काम. जुनी रसायनोपचाराची औषधे पेशीला इजा करून हाच आत्मनाश घडवून आणीत. पहारेकरीच नाहीसा झाल्यावर त्या औषधांनी कोणाला जागे करावे?

प्रथिनांचा मोह

प्रतिपिंड-जनुकाची तपासणी त्या काळी किचकट आणि मोजक्याच प्रयोगशाळांत होणारी होती. साहजिकच तिच्याऐवजी चालेल अशा सोप्या खुणेचा शोध सुरू झाला. सीडी-३८ हे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन ३० टक्क्यांहून अधिक पेशींत आढळले तर रोग आक्रमक, असे प्रथम सुचवले गेले. त्यानंतर २००३ च्या सुमारास झॅप-७० या प्रथिनाचे नाव गाजले. हे प्रथिन वस्तुतः वेगळ्या जातीच्या लिम्फ पेशींत असते. रोगट पेशींत ते दिसणे हे उत्परिवर्तन न झालेल्या जनुकाचे लक्षण मानले गेले आणि २० टक्क्यांची मर्यादा ठरली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार परिचित वाटेल. जी गोष्ट मोजणे अवघड, तिच्याऐवजी सोपी गोष्ट मोजायची आणि तिला निर्देशांक म्हणायचे. असा निर्देशांक जोवर मूळ वस्तूबरोबर चालतो तोवर ठीक. तो फारकत घेऊ लागला की दिशाभूल करतो. येथेही तेच झाले. झॅप-७० चे मोजमाप एका प्रयोगशाळेत एक, तर दुसरीत दुसरे येऊ लागले. काही रुग्णांत सीडी-३८ चे प्रमाण रोगाच्या ओघात बदलते, असे आढळले. १९ टक्के म्हणजे आशा आणि २१ टक्के म्हणजे निराशा, असे म्हणण्यात अर्थ नव्हता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी उपचारापूर्वी अवश्य करावयाच्या तपासण्यांत सतराव्या गुणसूत्राची व पी-५३ च्या जनुकाची तपासणी आणि प्रतिपिंड-जनुकाची स्थिती यांना स्थान दिले. झॅप-७० आणि सीडी-३८ यांना त्या पंक्तीत जागा मिळाली नाही. तत्पूर्वी २०१६ साली ३,४७२ रुग्णांच्या माहितीवरून जो आंतरराष्ट्रीय गुणांक तयार झाला, त्यातही पी-५३ च्या दोषाला सर्वाधिक चार, तर प्रतिपिंड-जनुकाच्या स्थितीला व रक्तातील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाला प्रत्येकी दोन गुण आहेत. रोगाची अवस्था आणि वय यांना एकेक गुण मिळतो. प्रथिनांची खूण सर्वस्वी टाकाऊ ठरली असे नव्हे, पण तिचे स्थान निश्चित झाले.

समूहाचा आकडा आणि एकटा माणूस

या आकड्यांच्या वाचनात दोन चुका हमखास होतात. पहिली मध्यकाची. मध्यक ३२ महिने याचा अर्थ रुग्ण ३२ महिने जगेल असा नाही. निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, त्यांतील काही कितीतरी अधिक, असा आहे. एक हजार विमेदारांपैकी या वर्षी किती दगावतील हे आयुर्विम्याचा गणिती सांगू शकतो. त्यांत अमुक एक गृहस्थ असतील काय, हे त्याला सांगता येत नाही. वैद्यकातील खुणा समूह लहान करतात, अंदाज नेमका करतात. परंतु समूहाचे रूपांतर व्यक्तीत त्यांना करता येत नाही.

दुसरी चूक काळाची आहे. ३२ महिन्यांचा तो आकडा विसाव्या शतकाच्या अखेरीस उपलब्ध असलेल्या औषधांवर उपचार घेतलेल्या रुग्णांचा आहे. पी-५३ ला वळसा घालून काम करणारी इब्रुटिनिबसारखी औषधे २०१४ पासून आणि व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून अमेरिकेत या रोगासाठी मान्य झाली. पेशीला मरण्यापासून वाचवणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनालाच व्हेनेटोक्लॅक्स निकामी करते. सतराव्या गुणसूत्राच्या दोषाचा धोका यामुळे पूर्णपणे नाहीसा झालेला नाही; पण ही औषधे मिळालेल्या रुग्णाला जुना आकडा लागू पडत नाही. औषधे न मिळालेल्या रुग्णाला मात्र तो अद्यापही लागू आहे. एकाच खुणेची दोन भाकिते आज एकाच देशात, किंबहुना एकाच शहरात, शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यांतील अंतर उत्पन्नाचे आहे.

तपासणी कशासाठी?

माहितीचे मोल तिच्यामुळे बदलणाऱ्या निर्णयावर अवलंबून असते, हे तत्त्व येथे कसोटी म्हणून वापरता येईल. लक्षणे नसलेल्या प्राथमिक अवस्थेतील रुग्णाला लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढते काय, याची परीक्षा फ्रान्समध्ये १,५३५ रुग्णांवर झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेले उत्तर नकारार्थी होते. जर्मनीत धोका अधिक असलेल्या रुग्णांवर नव्या औषधानिशी हाच प्रयोग पुन्हा झाला. रोगाची वाढ लांबली, पण एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. अर्थात अशा रुग्णाला, खूण चांगली निघो वा वाईट, सल्ला एकच मिळतो: थांबा आणि नियमितपणे तपासून घ्या. निदानाच्या दिवशीच सर्व खुणांची यादी हाती ठेवून पैसे भरायला लावणे म्हणजे पुष्कळदा चिंता विकत घ्यायला लावणे होय. रुग्णाने स्वतःहून जाणून घेण्याची इच्छा धरली, तर गोष्ट वेगळी.

उपचार सुरू करण्याची वेळ आली की मात्र हेच गणित उलटते. सतराव्या गुणसूत्राचा दोष असलेल्या रुग्णाला जुनी रसायने देणे म्हणजे पैसा, वेळ आणि उरलेली ताकद वाया घालवणे. उलटपक्षी, अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाठपुराव्यात तीन औषधांचा ठरावीक महिन्यांचा रसायनोपचार घेतलेल्यांपैकी उत्परिवर्तित जनुक असलेले सुमारे ५४ टक्के रुग्ण बारा वर्षे उलटल्यावरही रोग न बळावता राहिले. मूळ स्थितीतील जनुक असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्क्यांच्याही आत होते. श्रीमंत देशांनी ही जुनी पद्धत आता बहुतांशी मागे टाकली आहे, आणि तिचे दुष्परिणाम पाहता ते समजण्यासारखे आहे. परंतु जेथे वर्षानुवर्षे महागडी गोळी घेणे बहुसंख्यांना अशक्य आहे, तेथे धडधाकट आणि तुलनेने तरुण रुग्णांपैकी कोणाला काही महिन्यांच्या उपचाराने दीर्घ विश्रांती मिळेल आणि कोणाला तो देणे व्यर्थ आहे, हे सांगणारी तपासणी चैन ठरत नाही. ती काटकसर आहे. एका तपासणीचा खर्च वाचवून चुकीच्या उपचाराचा खर्च करणे, याला बचत म्हणत नाहीत.

भारतापुढील प्रश्न

औषधाच्या किमतीने खुणेचा अर्थ कसा बदलतो, हे भारताने इमॅटिनिबच्या बाबतीत अनुभवले आहे. या औषधाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मिळावे हा नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट कायद्याच्या ३ (ड) या कलमाच्या आधारे फेटाळला. त्या वेळच्या वृत्तांनुसार कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. कंपनीचे म्हणणे असे की, तिचे औषध घेणाऱ्या बहुतेक भारतीय रुग्णांना ते विनामूल्य दिले जात होते, आणि पेटंटाच्या संरक्षणाशिवाय नवे संशोधन होणार नाही. यातील दुसरा मुद्दा झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु नॉवेल, हंगरफोर्ड आणि रौली यांचा पाया विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत घातला गेला होता, हेही विसरता येत नाही. शिवाय दानावर चालणारी व्यवस्था दात्याच्या मर्जीवर चालते. स्वस्त औषधावर चालणारी व्यवस्था तशी नसते. भारतात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात, ऐन कमावत्या वयात होतो. त्या रुग्णाला कामावर परत धाडणारी गोळी स्वस्त होणे, ही राष्ट्रीय उत्पन्नातही पडलेली भर आहे.

लिम्फोसायटिक प्रकारात ही वाट अजून पुरी व्हायची आहे. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. पण तिची रचना मुख्यत्वे रुग्णालयातील उपचारांभोवती बांधलेली आहे. ज्या रोगात रुग्ण वर्षानुवर्षे बाह्यरुग्ण विभागात येतो, गोळ्या घेतो आणि एका निर्णायक क्षणी एका तपासणीवर त्याचे भवितव्य ठरते, त्या रोगाशी ही रचना नीट जुळत नाही.

येथे करण्याजोगे तीन उपाय स्पष्ट दिसतात. पहिला, उपचार सुरू करण्यापूर्वी, आणि रोग उलटल्यावर पुन्हा एकदा, सतराव्या गुणसूत्राची व पी-५३ जनुकाची तपासणी सार्वजनिक रुग्णालयांतील प्रत्येक रुग्णाला विनामूल्य मिळावी. हा दोष नंतरही उद्भवू शकतो, म्हणून एकदाच करून भागत नाही. या रोगात रोगट पेशी रक्तातच विपुल असल्याने बहुधा अस्थिमज्जा काढावी लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी घेतलेला रक्ताचा नमुना मोजक्या प्रादेशिक प्रयोगशाळांकडे पाठवता येतो. प्रत्येक जिल्ह्यात यंत्रसामग्री उभारण्याची गरज नाही. दुसरा, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी एकत्रित खरेदी करून औषधांच्या किमती खाली आणता येतात हे दाखवून दिले आहे. तीच रीत या तपासण्यांना आणि नव्या गोळ्यांना लावावी. तिसरा उपाय बिनखर्चाचा आहे: अहवालासोबत रुग्णाला त्याच्या भाषेत अर्थ समजावून सांगण्याची सक्ती.

या तिसऱ्या उपायाची निकड कमी लेखू नये. अहवालात ‘जनुकीय दोष’ हे शब्द दिसताच अनेक घरांत पहिली धास्ती वाटते ती मुलामुलींच्या लग्नाची. फिलाडेल्फिया गुणसूत्र काय किंवा सतराव्या गुणसूत्राची तूट काय, हे बदल रुग्णाच्या रक्तपेशींत त्याच्या हयातीत घडलेले असतात. ते आईवडिलांकडून आलेले नसतात आणि अपत्यांकडे जात नाहीत. लिम्फोसायटिक प्रकारात रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकांना हा रोग होण्याची शक्यता थोडी अधिक असते, हे खरे. पण अहवालातील खूण म्हणजे ती नव्हे. ही दोन वाक्ये कोणी सांगत नाही म्हणून रोग लपवला जातो, तपासणी टाळली जाते आणि उपचाराला उशीर होतो.

खुणा शोधून काढण्याचे कठीण काम विज्ञानाने बरेचसे केले आहे. त्यांतील कोणती तपासणी केव्हा करायची, तिचे पैसे कोणी भरायचे आणि तिने दाखवलेले औषध कोणत्या किमतीला मिळायचे, हे ठरवण्याचे काम शासनाचे आणि समाजाचे आहे. ते जोवर होत नाही, तोवर पुण्या-मुंबईच्या खासगी प्रयोगशाळेतील आणि जिल्हा रुग्णालयातील दोन रुग्णांच्या अहवालांवर अक्षरे तीच असतील, आणि त्यांचे अर्थ मात्र वेगवेगळे राहतील.